मेल आला का?

पळसदेवात आमच्या पुतण्याने जुन्या संगणकावर लिनक्स चढवून घरचाच मेल सर्व्हर मांडलाय. परक्याची चाकरी नको म्हणे! लिनक्समध्येही डेबियन की आर्च, यावर आधी महिनाभर खल. मग पहिला मेल गेलाच नाही, मेल बाहेर जायचं पोर्ट २५ बंद. ते कसंबसं उघडवलं, तर घरचा आयपी पत्ता रोज बदलता, त्याची उलटी नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी) कुठेच नाही. पलीकडच्या सर्व्हरने मेल थेट स्पॅममध्ये ढकलला. त्यात विहिरीवरची मोटर सुरू झाली की राउटर मान टाकतो.

उजनी धरणाचं पाणी ओसरलं की गावचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ तरी वर येतं. याचा मेल खालीच.

परवा त्याचा फोन, "काका, स्पॅममध्ये बघा ना!" सापडला. मजकूर एका शब्दाचा: "चाचणी".