केकसमोरचा मंद्र पंचम

केकवरच्या मेणबत्त्या पेटल्या की घरातला सगळ्यात उत्साही माणूस 'हॅपी बर्थडे टू यू' उचलतो. हा माणूस सहसा गाणारा नसतो. गाणारी मंडळी नेमकी त्याच वेळी आत कागदी डिश शोधायला गेलेली असतात. उत्साही माणूस गळ्याला सोयीचा वाटेल तो सूर लावतो, बाकीचे टाळ्या वाजवत त्याच्यामागे जातात आणि दोन ओळी बिनबोभाट पार पडतात. तिसऱ्या ओळीला मात्र सगळं घर माना वर करून छताकडे बघू लागतं. काही जण तिथे नुसतेच ओठ हलवतात.

घोटाळा पहिल्याच सुरात झालेला असतो. गळ्याला सोयीचा सूर म्हणजे बहुतेकांच्या लेखी षड्ज. पण ही चाल षड्जावर सुरू होतच नाही, ती सुरू होते मंद्र पंचमावर. प प ध प सा नि अशी ती खालून वर येते. तिसऱ्या ओळीत त्याच खालच्या पंचमावरून थेट मधल्या पंचमावर उडी आहे. म्हणजे अख्खं सप्तक, मधे कुठेही पाय न टेकता. ज्याने आपला षड्ज म्हणून सुरुवात केली, त्याला आता तार षड्ज लावायचा असतो आणि समोर पोरगं सुरी घेऊन घाई करत असतं.

गंमत अशी की ही चाल लहान मुलांसाठी म्हणून बांधली होती. अमेरिकेत केंटकीमधल्या पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या बहिणींनी बालवाडीतल्या मुलांना सकाळी म्हणायला 'गुड मॉर्निंग टू ऑल' हे गाणं केलं; ते 1893 साली छापलं गेलं. वाढदिवसाचे शब्द त्याला पुढे चिकटले आणि त्या शब्दांवर हक्क सांगून एक कंपनी कित्येक वर्षं पैसेही घेत राहिली. 2015 साली अमेरिकी न्यायालयाने तो हक्क मोडीत काढला. गाणं फुकट झालं, पण तिसरी ओळ काही सोपी झाली नाही.

मंद्र पंचमाची ही खोड एकट्या वाढदिवसाची नाही. फ्रान्सचं राष्ट्रगीत 'ला मार्सेयेज' घ्या. रुजे द लिल या लष्करी अधिकाऱ्याने ते 1792 च्या एप्रिलमध्ये स्ट्रासबुर्गला एका रात्रीत रचलं. प प प सा सा रे रे, आणि लगेच वरचा प! तिसऱ्या ओळीपर्यंत वाट बघण्याइतका धीर क्रांतीच्या काळात कुणाला होता? वाग्नरच्या 'लोहेनग्रिन' या ऑपेरातलं (1850) लग्नाचं समूहगीत प सा सा सा असं निघतं. नवरी येताना अजूनही ते हौसेने वाजवतात. ऑपेरातली नवरी मात्र त्याच रात्री विचारू नये तो प्रश्न नवऱ्याला विचारते आणि संसार तिथेच आटोपतो. 'अमेझिंग ग्रेस'चीही सुरुवात खालच्या पंचमावर, आणि पुढचे सगळे सूर भूपाचे पाच. भूप शिकणाऱ्यांनी एकदा पेटीवर वाजवून बघावं.

आपल्याकडे तर तानपुराच बहुतेकदा पंचमाने बोलायला सुरुवात करतो. पहिली तार मंद्र पंचमाची, मग षड्जाच्या जोडीच्या तारा, शेवटी खर्ज. तो मागे झंकारत असला की गायकाला वाटेल तिथून निघता येतं. यमन गाणारा खुशाल षड्जाला वळसा घालून नि रे ग म्हणतो, कारण षड्ज सांभाळायला तानपुरा बसलेला असतो. वाढदिवसाला तानपुरा नसतो. त्यामुळे काकांचा षड्ज निराळा, मावशींचा निराळा आणि ज्याचा वाढदिवस त्याला कुणीच विचारत नाही.

'जन गण मन' त्या मानाने सरळ माणसाचं काम वाटतं: सा रे ग, घरातूनच निघायचं. पण शाळेच्या मैदानावर पुढचा मुलगा भलत्याच जोशात पट्टी चढवतो आणि 'जय हे'ला तार षड्ज समोर येतो, तेव्हा मागच्या रांगा एकदम देशभक्तीने मौन होतात. शिवाय षड्जावर निघालेलं हे गीत संपतं मध्यमावर. ठरलेल्या 52 सेकंदांत घरी परतायला वेळच मिळत नाही बहुधा.

वाढदिवसावर उपाय आहे. ज्याचा षड्ज काळी एक, त्याने खालच्या सप्तकातली काळी चार धरून सुरुवात करावी. मग तिसऱ्या ओळीत मधली काळी चार आरामात लागते. घरात पेटी असेल तर ती आधी काढून ठेवावी. नावाची व्यवस्था मात्र ज्याची त्याने बघायची. चालीने नावासाठी नि आणि ध एवढे दोनच सूर राखून ठेवलेत. रमाचं त्यात छान भागतं; ज्ञानेश्वरला आणि पुरुषोत्तमला थोडं सरकून बसावं लागतं.