चार आण्याची सायकल, बारा आण्याचा जीपीएस

पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावचे एक निवृत्त गुरुजी महिनाभर एकाच पेचात आहेत. सायकलला जीपीएस घ्यावा की नाही? मढीचे कानिफनाथ, मायंबा, मोहट्याची देवी आणि वृद्धेश्वर ही फेरी त्यांना तोंडपाठ. पण यंदा डोक्यात कन्याकुमारी शिरलीय. म्हणून वहीत दोन रकाने पडले, ‘घ्यावा’ आणि ‘नको’.

‘नको’खाली पहिली नोंद किमतीची. बरं यंत्र घ्यायचं तर वीस-पंचवीस हजार, भारी घ्यायचं तर पन्नासच्या पुढे. सायकल नऊ हजारांची. बाईंचा हिशोब आणखी सरळ. “तेवढ्यात मढीहून गाढव आणा. घरची वाट तरी चुकायचं नाही.” मढीच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमाराला गाढवांचा बाजार भरतो, गिऱ्हाईक दात बघून जनावराचं वय ठरवतं. जीपीएसचे दात कुठं बघायचे, हेच गुरुजींना कळेना.

मुलगा म्हणाला, “फोनमध्ये आहे की!”

आहेच. नकाशा आधी उतरवून घेतला की जागा ओळखायला फोनला इंटरनेट लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की काम झालं. तिघांवर भागलं असतं; चौथा लागतो तो फोनच्या घड्याळातली चूक काढायला. चुका काढायला एक जण जादा हवाच, हे पारावर बसणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

पण नगरच्या उन्हात फोनचा पडदा दिसत नाही, आणि दिवसभर चालू ठेवला तर बॅटरी दुपारीच मान टाकते. सायकलचं यंत्र उन्हात वाचता येतं, पंधरा-वीस तास चालतं, पावसाला भीत नाही. काही यंत्रं हवेच्या दाबावरून उंची मोजतात, करंजी घाटातला चढ किती टक्के तेही सांगतात. मांड्यांना ते आधीच कळलेलं असतं, एवढंच.

‘नको’च्या बाजूनं इतिहासही साक्षीला आला. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतल्या तिघांनी १९२८ मध्ये ती पुरी केली. तेव्हा कुठला आलाय उपग्रह!

गुरुजींनी फोनला नुसतं ‘तिसगाव’ विचारून पाहिलं. आधी कल्याणचा तिसगाव नाका आला, मग वाळूजजवळचं तिसगाव. स्वतःच्या ओट्यावर बसून स्वतःचं गाव तिसऱ्या खेपेला सापडलं.

शेवटी आडवाटेनं चाचणी झाली. फाट्यावर फोन म्हणाला, डावीकडे. मेंढ्या वळणारा म्हातारा म्हणाला, “तिकडं नका जाऊ गुरुजी, वढ्याला पाणी हाय. असंच नीट जा.”

“किती लांब?”

“हे काय, हाकंवर.”

ती हाक फोननं मोजली. ६ किलोमीटर ४०० मीटर.

घरी आल्यावर गुरुजींनी दोन्ही रकान्यांत एकेक गुण मांडला आणि वहीचं पुढचं पान उलटलं.