सूर्य हा अपघात नव्हे

लांजे तालुक्यातील एका वाडीतला, सेंटरिंगचे काम करणारा एक तरुण कुवेतला निघाला, तेव्हा त्याच्या विम्याचे कागद वाचून दाखवण्याची कामगिरी, त्या ओटीवर इंग्रजी अक्षरांना न भिणारा एकमेव मनुष्य म्हणून, माझ्यावर येऊन पडली. दहावीची पायरी न ओलांडलेल्या मनुष्यास आखातासह अठरा देशांत मजुरीस जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी घ्यावी लागते आणि त्या मंजुरीसोबत 2003 सालापासून हा विमा सक्तीचा आहे. 2017 साली सुधारलेल्या अटींप्रमाणे दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, कर निराळा. हिशेब केला तर दिवसाला अडतीस पैसे पडतात. एवढ्या रकमेत टपरीवरचा चहा नुसता हुंगूही देत नाहीत; आणि येथे तर अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये देण्याची हमी! माझे अंतःकरण कृतज्ञतेने भरून येत असतानाच 'अपघाती' या शब्दावर माझी नजर अडखळली आणि आजतागायत ती तेथून हललेली नाही.

विम्याच्या धंद्यात सर्वत्र रूढ असलेल्या व्याख्येप्रमाणे बाह्य, दृश्य आणि हिंसक कारणाने ओढवलेली, आकस्मिक, अकल्पित व अनैच्छिक अशी जी घटना, तीच अपघात होय. आता कुवेतचा सूर्य घ्या. तो बाह्य आहे, याविषयी कोणत्याही शास्त्रज्ञाचे दुमत नसावे. तो दृश्य आहे. किंबहुना जून ते ऑगस्ट या मुदतीत त्या देशात दुसरे काही दिसतच नाही. आणि हिंसक म्हणाल, तर तेथील मित्रिबा या ठिकाणी 21 जुलै 2016 रोजी पारा 53.9 अंशांवर चढला होता. तिन्ही कलमांत आरोपी पुरता सापडला असे वाटून मी एजंटाकडे विजयी मुद्रेने पाहिले.

"काका," तो अत्यंत सौम्यपणे म्हणाला, "ऊन लागणं म्हणजे आजार. अपघात नव्हे."

त्याचे म्हणणे, थोडा विचार करता, मला पटले. सूर्य आकस्मिक नाही. तो रोज उगवतो, आणि तोही वेळेवर, हा त्याचा अक्षम्य अपराध. एखाद्या दिवशी तो मध्यरात्री, कोणतीही पूर्वसूचना न देता, कामगारांच्या बराकीवर उगवला असता, तर त्याच्या बळींच्या वारसांस काही आशा धरता आली असती. त्यातून कुवेत सरकारने उन्हाळ्याचे तीन महिने सकाळी अकरा ते दुपारी चारपर्यंत उघड्यावर काम करण्यास मनाई केलेली. म्हणजे मृत्यूचे वेळापत्रकच जाहीर झालेले! ज्या संकटाच्या येण्याजाण्याच्या वेळा सरकारी हुकुमात नमूद आहेत, त्यास अकल्पित कोण म्हणेल? राहता राहिले 'अनैच्छिक' हे विशेषण. तर हा मुलगा स्वखुशीने चाललेला आहे, त्याची सही कागदोपत्री आहे आणि व्हिशासाठी त्याच्या आईने आपल्या दोन पाटल्या गहाण टाकल्या, त्याही कोणी बळजबरीने काढून घेतलेल्या नाहीत.

बरे, आजार तर आजार. त्यासाठी विम्यात एकूण एक लाखाची तजवीज आहे. परंतु इस्पितळाच्या एका खेपेस पन्नास हजारांहून अधिक नाही. मात्र परांचीवर कोसळलेला आणि इस्पितळाच्या दारापर्यंतही न पोहोचलेला मनुष्य कोणत्या खेपेत धरावयाचा? त्याच्या दाखल्यावर बहुधा 'हृदयक्रिया बंद पडून नैसर्गिक मृत्यू' असा मजकूर येतो, आणि हा मजकूर लिहिणाऱ्यांना मला एकदा समक्ष विचारावयाचे आहे की, अहो, हृदयक्रिया चालू ठेवून आजवर कोण मेला आहे? विहिरीत बुडालेल्याच्या दाखल्यावर 'ओला झाल्याने' असे लिहिण्याचाच हा प्रकार! पंचविशीतला, दोन पोती सिमेंट सहज उचलणारा मुलगा उन्हात पडतो, मरतो, आणि त्यात निसर्गाशिवाय कोणाचाही हात नसतो. ठेकेदाराचा नसतो, मुकादमाचा नसतो, पाण्याचा पिंप दुपारपूर्वी रिता होऊ देणाऱ्याचा नसतो. निसर्गाने मात्र यावर कधीच खुलासा केलेला नाही, कारण त्याला कोणी नोटीसच पाठवत नाही.

पार्थिवाविषयी मात्र कागद विलक्षण उदार आहे. ते मायदेशी आणण्याचा खर्च मिळतो आणि सोबत्याचे साध्या वर्गाचे, जाण्यायेण्याचे विमानभाडेही मिळते. जिवंतपणी एजंटाच्या दारात तीन महिने तिष्ठलेल्या त्या मुलासाठी कोणी मनुष्य आदबीने विमानात बसून येईल, असा योग त्याच्या आयुष्यात हा एकच!

मी हे सारे वाचून दाखवीत असता मुलगा खाली मान घालून ऐकत होता. शेवटी त्याने एजंटास विचारले, "साहेब, उंचावरून पडलो तर?"

एजंटाची कळी खुलली. "पडलास तर अपघात. दहा लाख. त्यात शंकाच नाही."

"आणि उन्हानं चक्कर आली, म्हणून पडलो तर?"

एजंटाने चहाचा पेला खाली ठेवला, कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि "हेडऑफिसला विचारून कळवतो" असे म्हणून तो उठला. त्यास आता सहा आठवडे होत आले. उत्तर आलेले नाही. मुलाचा परवा फोन आला होता. काम चौदाव्या मजल्यापर्यंत चढले आहे म्हणाला.