पोह्याच्या डब्यावरची 'रोझॅना'

गाणं चालू असताना ड्रम ऐकणारा माणूस चटकन ओळखू येतो. गायक वरच्या पट्टीत जाऊन थांबतो, बाकीचे डोळे मिटतात आणि हा नेमका तेव्हाच डोळे उघडून मागे बसलेल्याने काय केलं ते बघतो. असा जाणकार आमच्या सोसायटीत एकच आहे. स्वतःचं नाव कशाला सांगायचं?

माझा प्रांत मेलडीवाल्या हार्ड रॉकचा. जर्नी, टोटो, फॉरेनर, डेफ लेपर्ड. म्हणजे गिटार गरजणार, पण चाल अशी की भाजी निवडतानाही गुणगुणता यावी. मेटलवाले आम्हांला नाकं मुरडतात आणि जॅझवाले तर खिजगणतीतही धरत नाहीत. गंमत म्हणजे जर्नीचा स्टीव्ह स्मिथ मूळचा जॅझवालाच. बर्कलीत शिकलेला. पुढे झाकीर हुसेन यांच्याबरोबर वाजवलं, दक्षिणेचं कोन्नकोलही शिकला. ही माहिती मी खालच्या मजल्यावरच्या तबलेवाल्या काकांना इतक्यांदा पुरवली आहे की हल्ली मला जिन्यात बघितलं की ते एका मजल्यासाठीही लिफ्ट धरतात.

तर एवढी विद्या असलेला हा माणूस 1981 साली 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन' वाजवायला बसतो तेव्हा काय करतो? थांबतो. पियानो चाललाय, गाणारा गातोय, आणि हा थोडं थोडं करून आत येतो. ज्या ओळीसाठी लोक हे गाणं लावतात ती येते जवळजवळ शेवटी. तोवर ड्रमरने पत्ता उघडायचा नाही. माझ्याने हे होत नाही. सिग्नलला गाडी उभी असताना स्टिअरिंगवर मी त्या गाण्यात पहिल्या मिनिटालाच दोन रोल आणि एक तिहाई घालून मोकळा होतो. शेजारचा रिक्षावाला आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या टायरकडे. आवाज कुठून येतोय ते त्याला कळत नसावं.

आता 'रोझॅना'. इथे मला जरा ऐसपैस बसू द्या. टोटोचा जेफ पोर्कारो, साल 1982. मात्रेचे तीन तुकडे करायचे. उजव्या हाताने हाय-हॅटवर पहिला आणि तिसरा तुकडा, मधला डाव्याने स्नेअरवर, पण इतका हळू की वाजला की नुसता वाटला असा संशय यावा. ह्याच घोस्ट नोट्स. आणि ह्याच डाव्या हाताने तिसऱ्या मात्रेवर एक खणखणीत ठोका द्यायचा, की लगेच पुन्हा मांजरपावलं. सगळी मेख तिथे आहे. दणका कुणालाही देता येतो. दणक्याच्या पुढच्याच क्षणी हात हलका करणं हा रियाज. हे आलं कुठून तेही पोर्कारोने सांगून टाकलं होतं: थोडं बर्नार्ड पर्डीचं, थोडं लेड झेपलिनच्या बॉनमचं, आणि पायात बो डिडलीची चाल. आपल्याकडे एक मुखडा उचलला तर दोन घराणी तीन पिढ्या बोलत नाहीत.

ह्याचा सराव मी पोह्याच्या डब्यावर करतो. डबा भरलेला हवा. रिकामा डबा सगळेच ठोके सारख्याच उत्साहाने जाहीर करतो, घोस्ट नोट लपवणं त्याच्या स्वभावातच नाही. पाऊण भरलेला सर्वांत उत्तम. त्यातही जाड पोहे. पातळ पोह्यांत आवाज नुसताच बसतो. झाकण घट्ट नसेल तर ते स्नेअरच्या तारांसारखं झरझर करतं, तो बोनस समजावा. हे शास्त्र मी बायकोला समजावलं. तिने डब्यात हात घालून चाळवलं आणि म्हणाली, "तळाशी सगळा चुरा झालाय. उद्या तूच कर पोहे."

रिक ॲलनचा विषय निघाला की मात्र माझं डोकं फिरतं. डेफ लेपर्डचा ड्रमर. 31 डिसेंबर 1984 ला शेफील्डजवळ मोटार अपघातात त्याचा डावा हात गेला, तेव्हा तो 21 वर्षांचा होता. बँडने दुसरा माणूस घेतला नाही. इलेक्ट्रॉनिक ड्रम्स बनवून घेतले, डाव्या हाताचं काम पेडल्सवर डावा पाय शिकला, 1986 च्या ऑगस्टमध्ये तो डॉनिंग्टनला हजारो लोकांसमोर वाजवत होता. हे सगळं उगवत्या सूर्याच्या चित्रासकट वर्षातून दोनदा तरी माझ्या मोबाईलवर येतं, खाली 'जिद्द' वगैरे. पाठवणाऱ्यांपैकी एकाने तरी त्याचं वाजवणं ऐकलंय का? दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तो भलामोठा ठोका, आणि मधे सोडलेली ती जागा, ज्यात चार आवाजांचा कोरस आरामात पाय पसरतो? लोकांना वाटतं, हात नाही म्हणून बिचारा साधं वाजवतो. अहो, 1983 च्या 'पायरोमेनिया'तही ठेका असाच मोजका होता, तेव्हा दोन्ही हात होते. ती त्या बँडची शैली आहे. 1987 च्या 'हिस्टेरिया'वर यंत्राचा बराच हात आहे हे कबूल, निर्माता मट लँग ठोका न् ठोका रचून घेणारा. पण तीच गाणी दौऱ्यावर रोज रात्री हा माणूस वाजवतो. चाळीस वर्षं तो कामावर येतोय आणि लोक अजून त्याला हॉस्पिटलातल्या गोष्टी विचारतात. साथीदाराची दाद ठेक्याला द्यावी, एवढी साधी रीत आपल्या मैफलीत पहिल्या रांगेतल्या पोराला कळते.

असो. रक्तदाबाची गोळी घेतली आहे.

परवा लिफ्ट बंद होती, त्यामुळे काका जिन्यात सापडले. मोबाईलवर 'रोझॅना' लावली. मांडीवर बोटं टेकत त्यांनी पूर्ण ऐकलं. म्हणाले, "तिस्र जात आहे. डावा काय हलका ठेवलाय! कुठे असतो हा?"

"1992 मध्ये गेला. अडतीस वर्षांचा होता."

काका काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर मला राहवलं नाही. जिन्याच्या कठड्यावर मी तोच ठेका धरला, चांगला पहिल्या मजल्यापर्यंत घुमला. काका एकाग्र होऊन ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला, आणि मला वाटलं, आली दाद.

"म्हणजे सकाळी सातला हे असतं होय!" ते म्हणाले. "मला वाटलं तुमच्याकडे लाद्या फोडतायत. मी सेक्रेटरींकडे अर्ज दिलाय."

मागे घ्या म्हटलं. "बघू," काका जिना उतरता उतरता म्हणाले, "आधी डावा हलका करा."