खंडोबा, मुक्काम लिंबागणेश

ज्या माणसाला अंटार्क्टिकातल्या बर्फाची जाडी तोंडपाठ असते, पण पाटोद्याला जाणारी शेवटची एसटी कधी सुटते हे ठाऊक नसतं, तो लहानपणी घरात कोश वाचत वाढलेला आहे असं खुशाल समजावं. आमच्या लिंबागणेशात अशा माणसाला खंडोबा म्हणतात. जेजुरीशी त्याचा काही संबंध नाही. घरात मराठी विश्वकोशाचे खंड आहेत, म्हणून तो खंडोबा.

खंडोबा सहसा मास्तरांच्या घरात जन्म घेतो. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. १९७६ पासून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून विश्वकोशाचे खंड निघू लागले, तेव्हा मास्तरांनी पगारातून चिमटा काढून ते घ्यायला सुरुवात केली. बायकोला सांगितलं, शाळेचे आहेत. पुढे बहिणीचं लग्न निघालं, मग विहिरीचं काम निघालं, आणि ‘क’पाशी मास्तरांची ऐपत संपली. तेव्हापासून खंडोबाचं जगही ‘क’पाशीच संपतं.

एवढं कळलं की त्याच्या वागण्यातली बरीच कोडी सुटतात. अंगोला, इथिओपिया, ऑस्ट्रेलिया या मुलखांत तो डोळे मिटून फिरेल. नेपाळच्या बाबतीत मात्र तुमच्या-आमच्याइतकाच अडाणी. उंटाचं पोट, कांगारूची पिशवी, कापसाचं बोंड यांवर तासभर बोलेल. म्हशीबद्दल विचारलं की गप्प. बीड ‘ब’त आणि लिंबागणेश ‘ल’त पडल्यामुळे स्वतःचा जिल्हा आणि गाव दोन्ही त्याच्या हद्दीबाहेर. शाळेत भूगोलाच्या पेपराला त्यानं ऑस्ट्रेलियासाठी पुरवण्या मागितल्या आणि महाराष्ट्राचा प्रश्न ऑप्शनला टाकला.

खंडांचं घरातलं स्थान देवाच्या खालोखाल. लोखंडी कपाटात, खाकी कागदाची कव्हरं घालून, डांबराच्या गोळ्यांच्या वासात ते उभे. वाचायचे नियम कडक. हात धुऊन, पुसून, सुकवून यायचं. खाली चादर अंथरायची. पान उलटताना बोटाला थुंकी लावली की पाठीत धपाटा. पाहुण्यांची पोरं आली तर त्यांना फक्त रंगीत चित्रांची पानं दाखवायची, तीही लांबून.

उन्हाळ्याच्या दुपारी पत्रे तापलेले, सगळं घर झोपलेलं, आणि हा पोटावर पडून दोन रकान्यांचा तो बारीक मजकूर वाचतोय. बाकीची पोरं ‘किशोर’ वाचायची, नाहीतर चांदोबातला वेताळ. याला गोष्टीत रस नव्हता, कारण गोष्टीला शेवट असतो. कोशाचं तसं नाही. आंबा बघायला म्हणून खंड उघडायचा, तर वाटेत अंदमान लागायचं, तिथं रमावं तोवर अजगर दिसायचा. संध्याकाळी आई दळणाचा डबा घेऊन समोर उभी राहायची तेव्हा आंबा अजून शंभर पानं लांब असायचा. यात एकच दुःख. ऐन रंगात आलेली नोंद मध्येच ‘पहा’ म्हणून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवायची, आणि ती नोंद नेमकी न घेतलेल्या खंडात. त्यामुळे खंडोबाला जगातल्या निम्म्या गोष्टींची सुरुवात माहीत आहे.

या जमातीचे मूळपुरुष म्हणजे ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या गृहस्थानं १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले आणि त्यांतले पहिले ५ प्रस्तावनेलाच दिले. वेदविद्या झाली, बुद्धपूर्व जग झालं, बुद्धोत्तर जग झालं, विज्ञानाचा इतिहास झाला, मग कुठं ‘अ’ उजाडला. आमचा खंडोबा याच घराण्यातला. त्याला वेळ विचारली तर तो घड्याळाचा शोध कुणी लावला इथपासून सुरुवात करणार नाही, कारण घड्याळ ‘घ’त येतं, पण इजिप्तपासून नक्की करेल.

मागं एका संकष्टीला याचा चांगलाच प्रत्यय आला. आमचं दैवत भालचंद्र. गणपतीच्या शापातून चंद्राला इथं सुटका मिळाली अशी कथा, त्यामुळे संकष्टीला देवळात गर्दी. दिवसभराच्या उपासानं सगळे कावलेले, आभाळ अर्धं ढगाळ. कुणीतरी म्हणालं, “कालनिर्णयात मुंबईची वेळ बघितली, अजून अवकाश हाय.”

खंडोबानं घसा खाकरला. “मुंबईची वेळ आपल्याला चालत नसती. त्याचं असंय, आधी अंश म्हणजे काय ते बघू.”

अंश, अक्षांश हे सगळं ‘अ’तलं, म्हणजे त्याच्या खास वतनातलं. त्यानं वर्तुळाचे ३६० भाग केले. मग पृथ्वी एका अंशाला चार मिनिटं घेते हे तिच्या आसापासून समजावलं. मग आपण मुंबईच्या जवळजवळ तीन अंश पूर्वेला, हे काठीनं मातीत नकाशा काढून दाखवलं. शेवटी विजयी मुद्रेनं म्हणाला, “म्हंजी आपल्याकडं चंद्र बारा मिनिटं आधी उगवतो.”

हिशोब बिनचूक होता. फक्त तोवर ढग सरून चंद्र चांगला दोन हात वर आला होता, आणि समोरची मंडळी घरी जाऊन मोदकाला लागली होती. उरली होती एकटी म्हातारी. ती म्हणाली, “बाबा, इतकं ठाऊक व्हतं तर बारा मिनिटं आधी बोलायचं की!”

उसावर तर त्याचा फार जीव. दिवाळी झाली की आमच्याकडची बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. असाच एक ट्रक भरत होता. भांडीकुंडी चढली, पोरं चढली, वर कोंबड्यांची पाटी चढली. खंडोबा खाली उभा राहून सांगत होता की ऊस हा मुळात गवताच्या कुळातला, आणि त्याची गोड जात न्यू गिनीकडची.

ट्रकमधला गडी शांतपणे म्हणाला, “अण्णा, मग उचल पण न्यू गिनीतनंच मिळती का बघा की. आमचा मुकादम लई कमी देतोय.”

खंडोबा विचारात पडला. कारण उचल ‘उ’त यायला हवी होती, आणि आली नव्हती. कोशात काहीतरी राहून गेलंय हा संशय त्याला आयुष्यात पहिल्यांदा तिथं आला.

विश्वकोशाचा विसावा खंड २०१५ साली निघाला. आता सगळे खंड मोबाइलवर फुकट वाचता येतात. भाच्यानं ते खंडोबाला उघडून दिलं. नेपाळ, म्हैस, लिंबू, काय हवं ते. त्यानं मिनिटभर बघितलं आणि मोबाइल परत दिला. म्हणाला, “मागितलं तेवढंच देतंय रे हे. शेजारचं काय दिसत नाही.” मग स्वतःच हसून पुढं म्हणाला, “आपल्या वर्णमालेत अज्ञान पहिल्या खंडात आणि ज्ञान शेवटच्या. आमच्या बापानं विहीर खणली, म्हणून आम्ही अलीकडंच राहिलो.”

आणि तरी गंमत बघा. चहाच्या टपरीवर वाद निघाला की पोरं पटकन मोबाइल काढतात, उत्तर सापडतं, वाद मिटतो, आणि हातातला चहा तसाच उरतो. मग कुणीतरी मुकाट्यानं बाकावर जागा करतं, जास्तीचा एक कप सांगतं आणि रस्त्याकडे बघून हाक मारतं, “खंडोबा, या! उंटाचं काय ते सांगत होता परवा?”