खुर्चीवरचे साहसवीर

नागपुरात आता साहसाचाही क्लास निघाला आहे. सोमवारी अबॅकस, मंगळवारी कीबोर्ड, बुधवारी फोनिक्स आणि गुरुवारी साडेचार ते सहा साहस. फी तीन महिन्यांची एकदम, टी-शर्टचे पैसे वेगळे. शहराच्या कडेला, हिंगण्याच्या नाहीतर कोराडीच्या रस्त्याला कुणाच्या तरी शेतात चार खांब रोवलेले असतात, त्यांना दोर ताणलेले असतात, टायर टांगलेले असतात आणि एका अंगाला प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या असतात. खुर्च्या पालकांसाठी. या सगळ्या मांडामांडीत धोक्याची वस्तू कोणती असेल, तर त्या खुर्च्याच.

अशा क्लासला नाक मुरडणारी पिढीही घरोघरी आहे. "आम्हाला नाही लागले क्लास," म्हणत आजोबा फुटाळ्याच्या काठावरचं चिंचेचं झाड काढतात. हे झाड आठवणीत दरवर्षी दोन हात वाढतं आणि आजोबा दरवर्षी जरा जास्त उंचावरून पडतात. खरं सांगायचं तर पोरांना मोकळं सोडायचं असं तेव्हा कुणाचं धोरण वगैरे नव्हतं. घरात पाच-सहा पोट्टे. कोण कुठे उंडारतंय हे बघायला आईला दिवेलागणीपर्यंत फुरसत नसे. जेवताना ताटं आणि डोकी जुळली की झालं. आता घरात डोकं एकच, आणि आजी-आजोबा धरले तर त्यावर डोळे आठ.

शिवाय सोडायचं तरी कुठे? गल्लीत जिथे स्टम्प रोवायचे तिथे कुणाची तरी गाडी उभी असते. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या घरात. डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा ठेवूनही दारातून परत फिरावं असं ऊन. त्या उन्हापायीच विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रानंतर, जून सरता सरता उघडतात. डिसेंबरात ऊन गोड असतं, तर दिवस साडेपाचलाच मावळतो. 2024 साली सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नका असं सांगितलं. मुलांची झोप वाढली हे चांगलंच झालं, पण दिवस तेवढाच असल्यानं संध्याकाळ दुसऱ्या टोकानं आखडली.

तेव्हा क्लास हवाच. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे 30 टक्के मुलांची दूरची नजर अधू झाली, बाकीच्या शाळांत सुमारे 40 टक्के मुलांची. हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे मूल दोरावर न चढता नुसतं उघड्यावर बसून राहिलं, तरी डोळ्यांचं भलंच.

पण ते बसत नाही, चढतं. पायाखाली एक दोर आणि हातांना दोन, याला बर्मा ब्रिज म्हणतात. आठ-नऊ वर्षांची मुलगी तिथे उभी राहते. सर तिचा हार्नेस तपासतात; पट्टा आणि कंबर यांच्यामध्ये बोटं सरकवून बघतात, कॅरॅबिनरचा स्क्रू फिरवून बंद करतात, वर दाबूनही पाहतात. ती पहिलं पाऊल टाकते. दोर डावीकडे पळतो. ती घाईनं दुसरं टाकते, तसा तो उजवीकडे आणखी पळतो. अर्ध्यावर ती थांबते. खरा क्लास इथे सुरू होतो. हलणारा दोर थांबवायचा तर आधी आपण थांबावं लागतं, हे सांगून डोक्यात शिरत नाही, तळपायाला कळावं लागतं. त्याला लागतं अर्धं मिनिट.

नेमकं तेवढंच अर्धं मिनिट खुर्च्यांना धरवत नाही. "बेटा, खाली पाहू नको!" तिनं तोवर पाहिलेलं नसतं, आता पाहते. "उजवा पाय, उजवा!" "भीती वाटते का? उतरायचं का?" दोर जमिनीपासून जेमतेम पाच फुटांवर, आईचा जीव मात्र पार वर टांगलेला. शेवटी मुलगीच वरून म्हणते, "सर, मम्मीले तिकडे पाहाले सांगा ना."

साहसाच्या शिक्षणाचं सगळं सार या एका वाक्यात आलं. बेडन-पॉवेल यांना ते आधीच कळलं असावं. 1907 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर 20 मुलांचं शिबिर भरवलं. जगभरची स्काउट चळवळ त्यातून उभी राहिली. पण शिबिरासाठी त्यांनी बेट निवडलं, यात मला त्यांची खरी दूरदृष्टी दिसते. संध्याकाळी डबा घेऊन येणाऱ्यांची तिथे सोय नव्हती.

आपल्याकडचे दाखलेही फार लांब नाहीत. नागपंचमीच्या सुमारास पचमढीला नागद्वारची यात्रा असते. व्याघ्र प्रकल्पातली ती वाट वर्षातून तेवढेच दिवस उघडते आणि विदर्भातली हजारो कुटुंबं लेकराबाळांसह पावसात निसरडे दगड तुडवत, लोखंडी शिड्या चढत निघतात. त्या शिडीवर मुलाला कुणी 'ब्रेव्ह बॉय' म्हणत नाही, कारण मागे रांग खोळंबलेली असते. आणि मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य'मधून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. 8,848 मीटर. वाटेत कुठेही थर्मास घेऊन आई उभी नव्हती.

आईबापांची भीती खोटी आहे असं नाही. दोर तुटू शकतो, गाठ सुटू शकते. पण ती भीती जिथे उपयोगी पडते तिथे आपण ती वापरत नाही. नाव घालताना टी-शर्टचा रंग विचारतो. सरांनी प्रशिक्षण कुठे घेतलं, एका सरांकडे मुलं किती, दोर बदलतात कधी, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, हे विचारायचं राहून जातं. आणि न विचारलेल्या प्रश्नांची भरपाई मग खुर्चीवरून ओरडून करतो.

म्हणून पालकांना एवढंच सांगणं आहे. पहिल्या दिवशी हे सगळे प्रश्न विचारा, अगदी चिवटपणे विचारा. उत्तरं पटली नाहीत तर पोराला घेऊन घरी या. पटली तर दुसऱ्या गुरुवारपासून त्याला फाटकाशी सोडा, चौकात जाऊन तर्री-पोहे खा आणि सहाला घ्यायला या. परतताना गाडीवर "आज काय केलं?" एवढंच विचारा. "काही नाही" असं उत्तर आलं, तर समजा, फी वसूल झाली.