कापसाचा उन्हाळा

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की जो तो दुसऱ्याला उपाय सांगू लागतो, आणि ज्याला काहीच कळत नाही तो सगळ्यात जास्त सांगतो. आमच्या कॉलनीत हा मान माझ्याकडे आहे. डोक्याला दुपट्टा बांधा, पन्हं प्या, खिशात कांदा ठेवा. लोक मला पाहून रस्ता बदलू लागले, तेव्हा मी मोर्चा घरातल्या कुत्र्याकडे वळवला.

कुत्रा स्पिट्झ जातीचा. पांढराशुभ्र, झुबकेदार, म्हणून नाव कापूस. (वऱ्हाडात कापसाला भाव मिळाला असेल तर तो आमच्याच घरी.) पुण्याला नोकरी करणाऱ्या चिरंजिवांनी ‘थोडे दिवस सांभाळा’ म्हणून सोडला, तो राहिलाच.

पहिल्यांदा माझी नजर त्याच्या केसांवर गेली. एवढी लोकर पांघरून हा जगतो कसा? निघालो त्याला घेऊन माझ्या न्हाव्याकडे. तेवढ्यात हिने मुलाला फोन लावला आणि फोनवरूनच माझा उद्धार झाला. या केसांचे दोन थर असतात. आतला उन्हाळ्यात आपसूक झडतो, बाहेरचा कातडीला उन्हापासून वाचवतो. भादरलं तर कातडी भाजते. विंचरून मेलेले केस तेवढे काढायचे. काढले. त्यात आणखी एक कुत्रा भरता आला असता.

मग मी माठाचं शास्त्र लावलं. ओलं गोणपाट कापसाच्या अंगावर टाकलं आणि झळ येऊ नये म्हणून दारं-खिडक्या गच्च लावून घेतल्या. तो आणखीच धापा टाकू लागला. माठातलं पाणी झिरपतं आणि वाऱ्याने उडतं, म्हणून माठ गार होतो. कुत्रा झिरपत नाही. त्याला घाम येतो तो पंजांच्या गादीला, तोही नावापुरता. बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. बंद खोलीत ओलं गोणपाट पांघरवून मी त्याला वाफारा देत होतो.

तरीही मी थांबलो नाही. फडक्यात कांदा गुंडाळून त्याच्या पट्ट्याला बांधला. दुपारी बघतो तर फडकं आहे, कांदा नाही!

‘‘काका, कुत्र्याले कांदा कायले देला?’’ डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले. कच्चा असो की शिजवलेला, कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि त्याचा परिणाम दिसायला दोन-चार दिवसही लागतात. इंजेक्शन देऊन ओकारी काढली. कांद्याबरोबर माझ्या चष्म्याच्या दोरीचा तुकडाही बाहेर आला. ती हरवल्याचा आळ मी आठवडाभर हिच्यावर घेत होतो.

कापूस बचावला. डॉक्टरांनी मला समोर बसवून शिकवणी घेतली. फिरवणं उजाडायच्या आत. कुत्र्याचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०४ च्या पुढे गेलं की धोका. हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट झाली, चाल लडखडली तर सावलीत न्यायचं, पोट, मांड्या, पंजे गार पाण्याने भिजवायचे, पंखा लावायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. आणि रस्त्यावर नेण्याआधी हाताची मागची बाजू डांबराला सात सेकंद लावून बघायची. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

ही परीक्षा मी भर दुपारी चौकात घेतली. तिसऱ्याच सेकंदाला ओरडलो. एका सद्गृहस्थाने मला ऊन लागलं असं समजून सावलीत नेलं आणि खिशातला कांदा काढून माझ्या नाकाशी धरला. मी काही बोललो नाही.

आता बैठकीतल्या कूलरपुढची जागा कापसाची आहे. समोरची खिडकी उघडी असते, कारण हवा बाहेर गेली नाही तर कूलर फक्त दमट करतो. तिथे मी बसलो की तो गुरगुरतो, आणि ही त्याची बाजू घेते.

तुमच्याकडे कुत्रा नसला तरी फाटकाबाहेर पाण्याचं पसरट भांडं ठेवा, रस्त्यावरच्यांसाठी. सावलीत ठेवा, उन्हातलं पाणी दुपारी चहाला लागेल एवढं तापतं. रोज बदला. आणि कुणाच्या गळ्यात काही बांधायला जाऊ नका.